चौरंगावरचं केंटे

'कल्चरल डिप्लोमसी' हा शब्द आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना कुठे सापडला कोण जाणे, पण सापडल्यापासून तो त्यांच्या तोंडातून काही केल्या उतरेना. कॅनडात, हॅमिल्टनमध्ये रिटायर होऊन बसलेला माणूस. बेसमेंटमध्ये हीटर लावायचा आणि जगाची काळजी करायची. "आपण आफ्रिकन कम्युनिटीशी ब्रिज बांधायला हवा," ते मीटिंगमध्ये म्हणाले. अहो, ड्राइव्हवेच्या बर्फावरून शेजाऱ्याशी तुमचं बोलणं बंद आहे, तिथे आधी एक फळी तरी टाका!

ब्रिजसाठी त्यांना सापडली माझी मैत्रीण. ती घानाची, आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. माझी आई गेली आणि मला विमानाचं तिकीट मिळेना, तेव्हा ही बाई माझ्याकडे येऊन न विचारता भांडी घासत होती. मंडळाने व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडले होते. या गावात माझं म्हणावं असं हे एकच माणूस, आणि ते मला कुणाच्या ब्रिजखाली बळी द्यायचं नव्हतं. पण अध्यक्षांनी तिला परस्पर गाठलं आणि ती आनंदाने हो म्हणाली.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला ती आली ती मंडळाला द्यायला आपल्या आईचं केंटे घेऊन. केंटे म्हणजे मागावर अरुंद पट्ट्या विणून त्या एकमेकींना जोडलेलं कापड. पिवळं, हिरवं, लाल, नजर ठरत नव्हती. आजोबांनी विणलेलं, आईने सणासुदीला नेसलेलं, एका कोपऱ्यात आईनेच निळ्या दोऱ्याने रफू केलेलं. आई आता नाही. या नक्षीचा अर्थ तिने माइकवर सांगितला: राज्य एकट्याच्या मर्जीने चालत नसतं. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या? वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटून बसलेल्या आमच्या अध्यक्षांनी. "हे आम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावणार," असंही जाहीर करून टाकलं.

"आईचं कशाला दिलंस गं?" मी तिला नंतर विचारलं.

"नातं जोडायचं तर नकोसं झालेलं देतात का?" ती म्हणाली.

आता आमची रीत ऐका. आमच्यात आलेलं कापड घरात टिकत नाही. आहेराची साडी घडी न मोडता पुढच्या लग्नाला जाते, सत्काराची शाल पुढच्या सत्काराला. कॅनडात येऊनही ही विद्या कुणी विसरलेलं नाही. रिसायकलिंगचा निळा डबा आम्हाला काय शिकवणार, डोंबल! अध्यक्षीणबाईंच्या बेसमेंटमध्ये त्यासाठी खास सूटकेस आहे. फ्रेम राहूनच गेली. केंटे गणपतीत चौरंगावर अंथरलं गेलं, आणि विसर्जनानंतर झटकून त्या सूटकेसमध्ये.

पुढच्या संक्रांतीला सिटीचा काउन्सिलर येणार म्हणून अध्यक्षांनी माझ्या मैत्रिणीचा सत्कार ठरवला. शाल आणि नारळ. ती छान कपडे करून, केसांत फूल माळून आली होती. मी पहिल्या रांगेत होते. अध्यक्षांनी शाल उलगडली. पिवळी, हिरवी, लाल.

ते निळं रफू तिच्या खांद्यावर आलं, आणि त्याच्या शेजारी हळदीचा हा एवढा डाग. तिने रफूवर बोट ठेवलं. अध्यक्षांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. "हे माझ्या आईचं आहे," ती हळूच इंग्रजीत म्हणाली. "घरी परत आलं."

टाळ्यांचा कडकडाट! काउन्सिलर उठून उभा राहिला. अध्यक्षांनी माइक जवळजवळ हिसकावला. "पाहिलंत? आपली शाल अंगावर पडली आणि त्यांना आईची आठवण झाली. याला म्हणतात कल्चरल डिप्लोमसी!" असा राग आला होता की तो नारळ तिथेच फोडावा, आणि कशावर ते सांगायला नको. ज्याला आपण काय केलं तेच कळत नाही, त्याच्यावर ओरडून तरी काय उपयोग?

अध्यक्षीणबाई माझ्या कानाशी आल्या. "मी मुद्दाम तिकडच्यासारखंच शोधून काढलं हं. शोभलं ना तिला?"

"काकू, ते तिचंच आहे. तिनेच दिलं होतं तुम्हाला."

"अगंबाई!" त्या म्हणाल्या, आणि मग घाईने, "जाऊ दे, तिच्या काही लक्षात आलेलं दिसत नाही. बोलू नकोस कुठे." आणि समोसे संपतील म्हणून निघूनही गेल्या.

मला घरी सोडायला तीच आली. केंटे तिच्या मांडीवर होतं. सिग्नलला गाडी थांबली की ती हळदीचा डाग नखाने खरवडून बघायची.

"दे माझ्याकडे, मी ड्राय क्लीन करून आणते," मी म्हटलं.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "पुन्हा कुणाला काही द्यावंसं वाटलं तर हा डाग दिसायला हवा."

माझं घर आलं. मी उतरले, आणि ती माझं दार लागायची वाट न बघता निघून गेली. एरवी ती थांबायची.