पांढऱ्या भिंतीपर्यंतचं अंतर

माझी धाकटी बहीण बंगलोरच्या एका प्रयोगशाळेत कॅमेरे बनवते. मी गोंदियात कॅमेरे चालवतो. लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं, पासपोर्ट साइज, जे येईल ते. बनवणं आणि चालवणं यातला फरक बाबांनी मला इतक्यांदा समजावून सांगितलाय की तो विषय निघाला की मी ताटावरून उठतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. अ‍ॅपर्चर म्हणजे काय हे तिला मी शिकवलं. गावी, दवनीवाड्याच्या घरी, ओसरीत बसून, माझी जुनी लेन्स तिच्या डोळ्याला लावून. आतल्या पाकळ्या मिटत जातात, भोक लहान होतं, उजेड कमी होतो, हे ती तोंड उघडं टाकून बघत होती. तेव्हा ती फ्रॉक घालायची. आणि गेल्या दिवाळीनंतर ती घरी आली ती असा कॅमेरा घेऊन, ज्याच्या लेन्समध्ये पाकळ्याच नाहीत.

"दादा, याच्यात काहीच हालत नाही," ती म्हणाली.

पाकळ्यांच्या जागी काचेची पातळ चकती होती. तिच्यात लिक्विड क्रिस्टल भरलेलं; कॅल्क्युलेटरचे आकडे ज्यानं उमटतात, तेच. वीज दिली की चकतीचा हवा तो भाग काळा होतो, हवा तो पारदर्शक राहतो. आधी डावीकडे भोक उघडतं, एक फोटो निघतो. मग ते मिटून उजवीकडे उघडतं, दुसरा निघतो. जिच्यावर फोकस आहे ती वस्तू दोन्ही फोटोंत जागची हलत नाही, पण तिच्या पुढचं एका बाजूला सरकतं आणि मागचं दुसऱ्या बाजूला. किती सरकलं त्यावरून कोणती वस्तू किती लांब आहे हे कॅमेरा सांगतो. लेन्स एकच.

मला पहिल्या फटक्यात समजलं, आणि समजलं याचाच जास्त राग आला. इतकी सोपी गोष्ट! उभा जन्म त्या भोकाशी खेळण्यात गेला आणि ते जरा बाजूला सरकवून बघावं हे मला सुचू नये?

प्रयोगशाळेत कॅमेरा चांगला चालत होता. तिला तो साध्या, राहत्या घरात चालतो का ते बघायचं होतं. "घर जसं आहे तसंच राहू दे," असं तिनं आईला फोनवर बजावलं होतं. पण आमच्याकडे असं बोलणं कोणी खरं मानत नाही. पाहुणा 'काही करू नका' म्हणाला की दोन भाज्या जास्त होतात. आईनं दिवाळीला पोतलेली ओसरीची भिंत पुन्हा छुईनं, म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या मातीनं, पोतून काढली. खिळे उपटले, कॅलेंडर उतरवलं, डोकी टेकून पडलेले तेलाचे डाग झाकले. भिंतीवर माशी बसली असती तरी चोरासारखी पकडली गेली असती.

बाबांनी अर्धी गल्ली गोळा केली होती. माझ्या दुकानात ते आजवर एकदाच आलेत, तेही आधार कार्डाची झेरॉक्स काढायला.

जवळचं लाल, लांबचं निळं, अशा रंगांत पडद्यावर चित्र उमटलं. पुढचं स्टूल लालभडक, त्यामागची खाट पिवळी. आणि खाटेमागे, भिंत असायला हवी तिथं, नुसतं काळं.

"भिंत कुठं गेली वं?" बाबांनी विचारलं.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू, सख्ख्या बहिणीचं यंत्र गल्लीसमोर तोंडावर पडलं आणि मला देव पावल्यासारखं वाटलं. हसू लपवायला मी फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो.

"भिंतीवर एक डाग नाही बाबा," ती म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरं सरकलं तर कॅमेऱ्याले कळन कसं?"

आई ओशाळली. "कायले पोतली मी बाप्पा!"

पण ही बया खूश! "हेच पाहाले तर आली होती मी," म्हणत तिनं त्या काळ्या भिंतीचे आणखी फोटो काढले आणि जपून ठेवले. माझ्या फोटोत नवरीचे डोळे मिटले तर मला शिव्या बसतात. हिचं चुकलं तरी ते कामाचं. आता अशा माणसावर जळायचं नाही तर कोणावर जळायचं?

मग तिनं गेरू कालवला आणि आईला भिंतीवर हात उमटवायला लावले. आईनं लाजत लाजत पंजे उमटवले. पुन्हा फोटो काढला तर जिथं जिथं पंजा, तिथं भिंत हजर. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. तिनं कॅमेरा फाटकाकडे, माझ्यावर वळवला.

"दादा, तू काऊन तिकडं उभा राहिला? पाह्य, सगळ्यात निळा तूच दिसून राहिला!"

सगळे हसले. मीही दात दाखवले.

"आता हिचा फोटो काढ," बाबा मला म्हणाले. माझा कॅमेरा गाडीच्या डिकीत होता. कसातरी उरकावा असं मनात होतं, पण हात ऐकेनात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं. मागचे पंजे विरघळून नुसता तांबूस रंग उरला, आणि त्यापुढे तिचा चेहरा, गालावर गेरूचा एक ठिपका. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. हे मी कोणासमोरही म्हणेन.

कॅमेरा बाबांच्या हातात दिला. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. दहावीच्या निकालालाही मी असा ताटकळलो नव्हतो.

"पोरगी का मस्त दिसून राहिली!" ते म्हणाले. "तुह्या दुकानाच्या काचेत लाव हा. लोक तरी थांबतीन."

मी लावला. लोक खरंच थांबतात. "भैया, ये कौन है?" विचारतात. मी सांगतो, बहीण आहे, कॅमेरे बनवते. "अरे वाह," म्हणतात आणि पुन्हा एकदा फोटोकडे बघतात. तो काढला कोणी, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.