साहेबांच्या पायांत सलीमभाईंची हाडं

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की "किती घेतली होतीस?" असं आधी विचारणाऱ्यांतली मी. एक्स-रे टेक्निशियन आहे. माणसाच्या आत काय असतं ते रोज बघते, हाडांशिवाय काही सापडलेलं नाही. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण पोटात ठेवून बघितलं, राहत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं सेंटर आहे. तळमजला, बाहेर बाकडी, आत एक्स-रेची खोली. वेळ भर दुपारची, सगळीकडे ट्यूबलाइट. म्हणजे वातावरणनिर्मिती शून्य!

कुरुंदवाडचे सलीमभाई आले होते. ते गाड्यांची सीटकव्हरं शिवतात. बॉम्बस्फोटाच्या संशयावरून त्यांना उचललं, कित्येक वर्षं आत ठेवलं आणि शेवटी निर्दोष सोडलं. चौकशीत तळपायांवर पट्ट्यानं मारून हाडं मोडली होती. आता त्यांनी सरकारवर केस टाकलीय. मागणी एकच - मारणारे राहू देत, असं मारायला परवानगी कुणी दिली ते सांगा. सरकार म्हणतं, मारलंच नाही. सलीमभाईंकडे पुरावा म्हणजे त्यांची हाडं. मागचा एक्स-रे मीच काढला होता, दोन्ही पायांत वेडीवाकडी जुळलेली हाडं होती. कोर्टाला आता ताजा हवा होता.

"ताई, एक इचारू?" टेबलावर पाय ठेवत ते म्हणाले. "म्हैना झाला, पाय दुखायचं थांबलंय. पळत जिना चढतोय की मी. असं हुतंय व्हय?"

फिल्म आली. पाय स्वच्छ! मोडल्याची खूणसुद्धा नाही. दुसऱ्या मशीनवर काढला, तेच. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी लावून बघितला आणि माझ्यावरच घसरले, "जुना दुसऱ्याच कुणाचा तरी काढलास तू." कोर्टातही हेच म्हणणार, हे मला तिथंच कळलं. सलीमभाईंना बाहेर बसवलं. रिपोर्टला वेळ लागेल म्हटलं.

पुढचा पेशंट सरकारात मोठ्या खुर्चीवरून रिटायर झालेले एक साहेब. ताराबाई पार्कात राहतात. ड्रायव्हरच्या खांद्यावर भार टाकून आले. महिनाभर पाय टेकवत नव्हते.

"कधी पडला होतात का?"

"आयुष्यात नाही."

त्यांची फिल्म स्क्रीनवर आली. तीच मोडतोड. तोच वाकडा सांधा. डाव्या करंगळीमागचं ते निसटलेलं हाडसुद्धा तेच. सलीमभाईंची जुनी फिल्म शेजारीच होती, फरक शोधून सापडेना.

तेवढ्यात रिपोर्टचं विचारायला सलीमभाई दार लोटून आत आले आणि स्क्रीनकडे बघून थबकले. कोर्टात इतक्यांदा बघितलेली हाडं त्यांना पाठ होती.

"हे माझंच पाय की!" मग टेबलावरच्या माणसाकडे वळले. बाहेर पुकारलेलं नाव त्यांनी ऐकलं होतं. "साहेब, आमचं वकील तुमचंच नाव घेत्यात. परवानगीवर सही तुमची हाय म्हणं."

साहेब उठायला गेले, कळ आली तसा ओठ चावला. "मी कुणाला बोटही लावलेलं नाही. माझ्याकडे विचारणा आली, मी मंजुरी दिली. काळच तसा होता."

"मग एवढंच कोर्टात सांगा."

"कोर्टात मला काही आठवणार नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

साहेब गेल्यावर सलीमभाई बाकड्यावर बसले. "मला वाटलं, अल्लानं सुटका केली. आता कोर्टात काय दाखवू, ताई? दर्ग्यात जाऊन मागतो... माझं दुखणं मला परत दे म्हणून."

मी चिडलेच. "खुळं हायसा काय? सुखानं चालताय तर चाला की!"

"मग त्यास्नी कोण इचारणार?"

पुढच्या आठवड्यात आले ते भिंत धरत, लंगडत. मी काही न विचारता फिल्म काढली. सगळी मोडतोड जशीच्या तशी परत. त्यांनी पाय फरशीवर आपटून बघितला. डोळ्यांतनं पाणी आलं आणि माणूस हसत होता. "दुखतंय ताई! लई दुखतंय!"

आणि पिशवीतून पेढे काढले. मी पेढा घेतला, पण तोंडात घालवेना. आतल्या खोलीत जाऊन रडले.

मशीनमध्ये काही बिघाड नाही, असं कंपनीचा इंजिनीअर सांगून गेला. डॉक्टर हा विषय काढू देत नाहीत. रिपोर्ट न्यायला साहेबांचा ड्रायव्हर आला होता. साहेब आता रोज रंकाळ्यावर फिरायला जातात म्हणाला, पाय एकदम बरे आहेत. ते त्या दिवशी जे बोलले ते मी ऐकलंय, साक्ष देईन असं मी वकिलांना सांगून ठेवलंय. साहेबांना मात्र अजून कुणी बोलावलेलं नाही.

हाडं कशी गेली आणि कशी आली, मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा. पण त्याआधी, त्या माणसाला मारायची परवानगी आपण दिली होती, एवढं कुणीतरी कोर्टात उभं राहून कबूल करा. तोवर सलीमभाई स्वतःचे पाय बरे होऊ देणार नाहीत.