पंचमीचा सामना

शिवाजी पेठेतल्या शालूबाई हॉकीच्या गोलात का उभ्या राहतात, ते त्या स्वतःच सांगत. पळायला अंगात त्राण नाही, आणि उभं राहायची सवय चुलीपुढं झालेलीच आहे. त्रेपन्न साली गावात बायकांच्या चार संघांची लीग निघाली. नर्सबाया, मास्तरणी, कॉलेजच्या मुली आणि पेठेतलं महिला मंडळ. प्रत्येक संघाशी दोनदा, म्हणजे सहा सामने. मंडळाकडं काठ्या सातच होत्या, बाकीच्या मागून आणायच्या. नऊवारीचा कासोटा घट्ट मारायचा आणि उतरायचं.

पहिले पाचही सामने मंडळ हरलं. नारळी पौर्णिमेनंतरच्या चिखलात नर्सबायांनी नऊ गोल घातले, तेव्हा तालमीतल्या एका गड्यानं कडेवरनं विचारलं होतं, "मावशी, दार उघडंच ठिवलंय व्हय?" शालूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा उभ्या राहिल्या. पहाटे पाचाला उठल्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत घरात कुणाला ना कुणाला त्या हव्याच असत. मैदानावरचा दीड तास तेवढा कुणाचा नव्हता. हरायला का होईना, त्या येत.

मैदान खरं फुटबॉलवाल्यांचं. बायकांना ते एका हंगामापुरतं दिलेलं, तेही अट घालून. एका जरी सामन्याला अकराजणी उभ्या राहिल्या नाहीत, तर संघ बाद आणि मंडळाची वेळ परत फुटबॉलला. पाच वेळा कशाबशा अकरा झाल्या. सहावा राहिला होता.

नवरात्रातल्या घटाला पाणी घालताना शालूबाईंनी सहज तिथी मोजली आणि त्यांचा हात थांबला. सामना नेमका ललिता पंचमीला येत होता. लीगच्या चिटणिसांनी इंग्रजी कॅलेंडर बघून तारखा लावल्या, आणि बाया सह्या करून मोकळ्या झाल्या. पंचांग कुणी उघडलंच नव्हतं. पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते, तिथं देवीपुढं कोहळा फोडतात आणि त्यासाठी पालखीमागं निम्मं गाव जातं, हे काय कुणाला सांगायला हवं होतं? पण सह्या करताना एकीच्याही ध्यानात आलं नाही.

शालूबाईंचं तर त्याहून अवघड. त्यांचे यजमान गणपतराव विषमज्वरातनं उठले, तेव्हा शालूबाईंनी देवीला बोलून ठेवलं होतं, बारा वर्षं पंचमीला अनवाणी टेंबलाईला येईन, आणि कोहळा फुटला की त्याची फोड घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवीन. एक वर्ष जरी चुकलं तर पहिल्यापासून मोजीन. अकरा वर्षं झाली होती. हे बारावं.

मंडळाची कप्तान बनाबाई दुधाचा रतीब घालणारी, तोंडानं फटकळ. ती चिटणिसांकडं जाऊन भांडून आली. कागद छापून झालेत, नर्सबायांनी रजा काढल्यात, आता तारीख हलायची नाही, असं उत्तर मिळालं. मग ठरलं, की सगळ्यांनी सकाळीच डोंगरावर जायचं आणि कोहळा झाला की दोनच्या सामन्याला खाली यायचं.

त्या वर्षी पालखीला वाटेतच उशीर झाला. उपासाचा पाचवा दिवस, पायाखाली तापलेले खडे. एक वाजत आला तरी पालखी पायथ्याशीच. बनाबाईनं गर्दीतनं एकेकीला हुडकून लिंबाखाली उभं केलं आणि ती शालूबाईंपाशी आली.

"शालूबाय, निगायचं. आता न्हाय निगालो तर दोनाला पोचत न्हाय."

"आलीच की पालखी. एवढा कोहळा हुंदे."

"नर्सबाया कोहळ्यासाठी थांबत्यात व्हय?" मग बनाबाईचा आवाज उतरला. "तू न्हाईस तर आमी धा. मला तुझा नवस म्हाईत हाय, मी तुला वडून न्हेत न्हाय. तुझं तू बघ."

शालूबाई देवळाच्या शिखराकडं बघत राहिल्या. काय मागावं तेच त्यांना सुचेना. हात जोडून म्हणाल्या, "आई, बघतीयास न्हवं," आणि वळल्या. सगळी गर्दी वर येत होती. एका म्हाताऱ्यानं हटकलंच, बायांनो, उलट्या कुठं निघालाय म्हणून. बाया उतरत राहिल्या.

पंचांनी अकरा डोकी मोजली आणि शिट्टी वाजवली. नर्सबायांनी सहा गोल घातले. एक चेंडू शालूबाईंच्या नडगीवर आपटून परत गेला, तेवढाच अडला. सामना झाल्याची नोंद झाली. पुढच्या सालीही मंडळाची वेळ राहील, असं चिटणीस सांगून गेले. हसायची ताकद कुणातच नव्हती. सगळ्या तिथंच गवतावर बसल्या आणि तळपायांतले काटे काढू लागल्या.

घरी सासूबाई अंबूबाईंनी देव्हाऱ्यापुढं हळदकुंकवाचं ताट मांडून ठेवलं होतं.

"फोड?"

"आणली न्हाय, आत्या. कोहळ्याआदीच उतरलो. सामना हुता."

अंबूबाईंनी सुनेच्या पायांकडं बघितलं.

"मग नवसाचं?"

"पुन्हा एकपासनं."

"बारा वरसं?"

"व्हय."

"आणि ती हाकी?"

"ती बी."

अंबूबाईंनी ताट उचलून फळीवर ठेवलं. आत जाऊन भगरीची वाटी आणली आणि शालूबाईंच्या पुढ्यात सरकवली. "आदी खाऊन घे," त्या म्हणाल्या. "भांडी मी बघतो."