पाच माश्यांची कुपी

दामू शिरोडकरांचा हात सफाईदार, हे दिल्लीच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या संग्रहालयात, सगळेच मान्य करत. सुकवलेली रोपटी जाड कागदावर चिकटवायची, गळलेलं पान-फूल पाकिटात घालून त्याच कागदाला जोडायचं आणि मेलेला किडा दिसला की चिमट्याने उचलून, क्रमांक घालून, वरच्यांना दाखवायच्या कुपीत टाकायचा. किड्यांनी कपाटंच्या कपाटं फस्त केलेली त्यांनी पाहिली होती. चौतीस वर्षांत हजारो कागद हाताखालून गेले. कागदावर नाव मात्र गोळा करणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं. चिकटवणाऱ्याला विचारतो कोण?

निवृत्तीला दोन महिने उरले असताना संशोधक रसिका मॅडमनी त्यांना बोलावलं. सावंतवाडीहून टपालाने आलेलं एक जंगली ऑर्किड दामूंनी आठवड्यापूर्वी चिकटवलं होतं. ऑर्किडला पाच पाकळ्या आणि सहावी ओठासारखी असते, त्या ओठावरूनच जात ओळखायची, आणि इथे पाचही फुलांना ओठच नाही, असं मॅडमनी समजावलं. तुटल्याची खूणसुद्धा दिसत नव्हती. जात नवीनच असणार, पेपर होणार, म्हणून त्या हरखून गेल्या होत्या.

"दामूजी, बिना ओठाचं ऑर्किड मी आयुष्यात पाहिलं नाही यार," त्या म्हणाल्या.

दामूंनीही पाहिलं नव्हतं. मान डोलावून ते सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर परतले, पण मनात काहीतरी टोचत होतं आणि काय ते उमगेना. फुलं तर जपूनच हाताळली होती. उलट पाच मेलेल्या मधमाश्या काढून ती स्वच्छ केली होती. मग चूक कुठे? बायकोला, कुसुमावतीला, त्यांनी सगळं सांगितलं. पाच फुलांवर पाच माश्या हे ऐकून तांदूळ निवडणारा तिचा हात थांबला.

"सगळ्या एकीकडेच तोंड करून बसल्या होत्या? किडा असा शिस्तीत बसतो होय?"

सकाळी दामूंनी कुपी शोधून माश्या पांढऱ्या कागदावर ओतल्या. जांभळट अंग, पिवळी कड, वर बारीक लव. माशीच ती. भिंग घेऊन ते पाय मोजू लागले. एकीलाही एकही पाय नव्हता.

कुपी कचऱ्यात गेली असती तर कोणाला कळणार होतं? पण मग मॅडम चारचौघांत तोंडघशी पडल्या असत्या. भीतीने दामू दोनदा दारापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्यांदा त्यांनी कुपी टेबलावर ठेवली.

"मॅडम, हे मी काढले. मला किडे वाटले."

मॅडमनी कुपी उघडून भिंग पुढे ओढलं. मग जात ओळखायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. सह्याद्रीतली जुनीच, ओठानेच मधमाशीचं सोंग घेणारी. त्यांनी ओठ पाकिटात घातले, त्यावर 'ओठ चुकून काढले: दामोदर शिरोडकर' असं लिहिलं आणि पाकीट चिकटवायला दामूंकडेच दिलं.

दामूंनी ते दोनदा वाचलं. लाज वाटत होती, त्याखाली आणखी काय वाटत होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. पाकीट चिकटवताना मात्र नाव वरच्या बाजूला येईल याची त्यांनी काळजी घेतली.