पहिल्या वळणावरची झेंडूची फुलं

शाळेच्या नोकरीत मी इतकी उद्घाटनं पाहिली आहेत की समई दिसली तरी मी दाराकडे बघू लागते. गोडादऱ्याच्या आमच्या मराठी शाळेत नळाला पाणी आलं तरी रिबीन कापली जायची, आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत मुलं उन्हात उभी राहून त्या नळाकडे बघत असायची. निवृत्तीनंतर हे सुटेल असं वाटलं होतं. पण मग माझ्या मुलीने गाडी ट्रॅकवर चालवायला शिकायचं ठरवलं.

तिला रेसर व्हायचं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना ते कळलं नाही. ती हजीऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि तिथे स्वतःच्या छोट्या गाडीने जायची. एका सकाळी ट्रकमधून सांडलेल्या ओल्या कोळशाच्या भुकटीवर गाडी घसरली. हिने घाबरून ब्रेक दाबला, स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, आणि गाडी गिरकी घेऊन उलट्या दिशेला तोंड करून थांबली. मागचा ट्रक वेळेवर थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून गाडीवर कव्हर चढलं आणि मुलगी कंपनीच्या बसने जाऊ लागली.

"आई, गाडी घसरते तेव्हा काय करायचं हे एक तर मी शिकणार, नाहीतर गाडी विकणार," ती म्हणाली. "घाबरत घाबरत चालवणार नाही."

शिकायचे रस्ते दोन होते. एक रेसिंग स्कूल, जे दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर काही दिवसांचं शिबिर घेतं. दुसरा आपल्याच भागातला मोटर क्लब. कामरेजच्या पुढे एका खाजगी ट्रॅकवर क्लबवाले कधीमधी नवशिक्यांसाठी दिवस ठेवतात. स्वतःची गाडी न्यायची, शेजारी शिकवणारा बसतो.

माझे धाकटे दीर बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि कागदावर शिक्का असेल तर काहीही गिळू शकतात. ते स्कूलच्या बाजूने होते. "वहिनी, सर्टिफिकेट मिळतं. लग्नाच्या बायोडेटात घालता येईल."

"काका, त्यात घालायला मी घसरले होते हे पुरेसं आहे," मुलगी म्हणाली.

स्कूलची माहितीसभा शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. दारात लोचोचा, म्हणजे त्या डाळीच्या मऊ, वाफाळत्या ढोकळ्याचा काउंटर, आत अंधार, आणि मंचावर मशीनमधून सुटणारा पांढरा धूर. धुरातून डायरेक्टर प्रकटले. त्या अंधारात काळा चष्मा आणि अंगात जाहिरातींनी भरलेला रेसिंगचा पोशाख. बसताना त्यांना त्या पोशाखात पोट सांभाळावं लागत होतं. मग समई, मग कापड बाजारातल्या एका शेठचा सत्कार. शेठ गाडी चालवत नाहीत, त्यांच्याकडे ड्रायव्हर आहे, हे त्यांनीच भाषणात सांगितलं आणि टाळ्या पडल्या. नंतर पडद्यावर गाड्या, आग, गरुड आणि पुन्हा गाड्या. गरुडाचा संबंध मला शेवटपर्यंत कळला नाही.

प्रश्नोत्तरांत मुलगी उभी राहिली. "गाडी घसरायला लागली तर काय करायचं, हे शिकवता का?" तिने हिंदीत विचारलं.

डायरेक्टर हसले. "मॅडम, हम चॅम्पियन बनाते हैं. फिसलने की बात सोचना ही लूजर माइंडसेट है."

हॉल हसला. मुलगी खाली बसली. तिची बोटं मांडीवर स्टिअरिंग धरल्यासारखी वळली होती, तेवढीच मला दिसली. बाहेर पडताना पुठ्ठ्याच्या रेसिंग कारच्या भोकातून डोकं काढून फोटो काढायची सोय होती. दिरांनी फोटो काढून घेतला. मी लोचोसुद्धा खाल्ला नाही, आणि लोचो मी सहसा सोडत नाही.

म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही क्लबकडे निघालो. कव्हर काढलेली गाडी दीर चालवत होते, शेजारी मी. मुलगी मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. शेजारच्या बिल्डिंगमधलं एक गिऱ्हाईक गाडी बघून गेलं होतं. आजही जमलं नाही तर संध्याकाळी त्याला हो म्हणायचं, असं तिने मला जिन्यात सांगितलं होतं.

माझा समज होता की क्लब म्हणजे चार गाडीवेडी माणसं, थर्मासमधला चहा आणि ग्रीसचे हात. ट्रॅकवर मांडव होता. मांडवात सोफे होते. प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि ते येईपर्यंत कुणी इंजिन सुरू करायचं नव्हतं. ऊन चढत गेलं, अत्तरांचे वास एकमेकांत मिसळून आंबले. शेवटी पाहुणे आले. प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, प्रत्येक चाकाखाली लिंबू. आमच्या गाडीवरही काढलं. कुंकवात तेल होतं, तो डाग अजून गेलेला नाही.

इथवर मी दात आवळून सोसलं. नवी गाडी आली की नारळ आमच्या घरीही फुटतो. पण क्लबच्या प्रमुखांना ड्रोनने व्हिडिओ काढायचा होता, आणि वरून डांबर काळं दिसतं, मजा येत नाही. म्हणून पहिल्याच वळणावर झेंडूच्या पाकळ्यांचा जाडजूड गालिचा अंथरला होता. ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर पाइपने पाणी मारलं होतं. त्यातच मधोमध नारळ फोडला.

आणि मग नवशिक्यांना सांगितलं, चला, पहिली फेरी.

पहिला नंबर माझ्या मुलीचा होता. ती वळणापर्यंत चालत गेली, बुटाने पाकळ्या दाबून पाहिल्या आणि परत आली. "हे झाडून घ्या. नाहीतर मी जाणार नाही."

प्रमुखांनी तोंडभर हसून गुजरातीत समजावलं, "बेन, आ तो शुकन छे. फूलथी कोई पडे?"

"गाडी पडणार नाही, घसरेल."

"बीक लागती होय तो बाजुमां बेसो," प्रमुख म्हणाले, म्हणजे भीती वाटत असेल तर बाजूला बसा. सोफ्यांवरून हशा आला. तो हॉटेलातलाच हशा होता, फक्त उन्हात.

दीर माझ्या कानाशी लागले. "वहिनी, हिला सांगा ना. चारचौघांत कसं दिसतं?"

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. शाळेतला आवाज लागला असावा, कारण पुढच्या सोफ्यावरचेही गप्प झाले.

मुलीसोबत बसणारा शिकवणारा एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस होता. सकाळपासून तो कुंपणाला टेकून हे सगळं बघत होता, आणि त्याचा चेहरा पाहून मला आरशात बघितल्यासारखं वाटलं. तो प्रमुखांना म्हणाला, "सर, लड़की ठीक बोल रही है."

प्रमुखांना ते लागलं. ते आपल्या बुटक्या, महागड्या, भगभगीत लाल गाडीत बसले आणि सगळ्यांना दाखवायला निघाले. वरून ड्रोन निघाला. वळणावर त्यांनी ऐटीत जोर दिला, आणि गाडीची मागची बाजू पुढच्या बाजूच्या आधी वळली. ती एकदा गोल फिरली, पाकळ्या उडवत मागे मागे गेली आणि रचलेल्या टायरांना टेकून थांबली. प्रमुख उतरले ते केसांत झेंडू घेऊन. लागलं काहीच नव्हतं. "नजर लागी," ते म्हणाले. लगेच कुणीतरी मिरची आणायला धावलं. मला किळस आली ती त्या मिरचीची. डोळ्यांसमोर ओला चिखल आहे, आणि माणसं दोष शोधतायत तो माझ्या मुलीच्या डोळ्यांत.

तोवर झाडू आले. दोन बायका वळणाकडे निघाल्या, तर मुलगी एकदम ओरडली, "थांबा! झाडू नका!"

मी तिच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता, पण ती त्या दाढीवाल्याशी बोलत होती. "हेच तर शिकायचंय मला. एकदम हळू नेली तर चालेल?"

तो पहिल्यांदा हसला. "चलेगा नहीं, दौड़ेगा. लेकिन धीरे."

गाडी सायकलच्या वेगाने वळणात शिरली. उघड्या काचेतून त्याचा आवाज ऐकू येत होता: "ब्रेक नहीं. पैर उठाओ. टायर को मत देखो, जहाँ जाना है वहाँ देखो." पाकळ्यांवर चाकं फिरवूनही गाडी सरळच निघाली. ब्रेकचा दिवा लागला नाही. गाडी मंदावली, चाकांनी डांबर धरलं आणि ती मुकाट्याने वळली. ती फिरून परत आली, पुन्हा शिरली, आणि मग थोडी जास्त वेगाने पुन्हा. एकदा घसरून गवतात गेली, तर आतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. हजीऱ्याच्या त्या सकाळपासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

मांडवातलं कुणी हे बघत नव्हतं. तिथे सत्कार चालू होता. प्रमुखांना धाडसाबद्दल शाल दिली, आणि दिरांना, कशाबद्दल कोण जाणे, पालक म्हणून एक ट्रॉफी.

निघताना मुलीने काकांपुढे हात केला. "चावी."

"हायवे आहे गं, बेटा."

"म्हणूनच."

दीर ट्रॉफी मांडीवर घेऊन मागे बसले. कामरेज मागे पडलं. मग त्यांनी विचारलं, "मग ठरलं काय? स्कूल की क्लब?"

"क्लब," ती म्हणाली. नजर रस्त्यावर होती. "पण काका, आपण उद्घाटन संपल्यावर पोचायचं."

रात्री क्लबने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. ढोलाचं संगीत, वरून दिसणारा केशरी गालिचा, त्याकडे झेपावणारी लाल गाडी. ती वळणाला भिडते तिथेच व्हिडिओ संपवला होता. खाली नमस्काराच्या हातांची रांग लागली होती. गिऱ्हाइकाला मी सकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मुलगी स्वतः गाडी चालवत हजीऱ्याच्या वाटेला लागलेली होती.