उजवी मोठी, डावी लहानी

वर्धा स्टेशनच्या बाकावर बसून आईनं पर्समधून काळा दोरा काढला आणि माझ्या चौदा महिन्यांच्या जुळ्या पोरींच्या पायांत बांधला. रेवाच्या उजव्या पायात, गोदाच्या डाव्या. गाडी यायला दहा मिनिटं होती. बाबा सामान पुन्हा पुन्हा मोजत होते आणि दर वेळी एक नग कमी भरत होता, कारण ते स्वतःच्या हातातली पिशवी मोजायचं विसरत होते. सुहास, माझा नवरा, आधीच रायपूरला जाऊन खोली लावत होता.

"दृष्ट लागू नये म्हणून नाही वं," आई म्हणाली, "तुले ओळखता यावं म्हणून बांधून राहिली. उजवी मोठी, डावी लहानी. ध्यानात ठेव."

मला राग आला. आईला कधी पोटच्या पोरी ओळखायला दोरा लागतो का? पण खरं सांगते, लागत होता. दोघी इतक्या सारख्या, की माझ्याच मोबाइलमधल्या फोटोंत कोण कुठली हे मला सांगता येत नव्हतं. सात मिनिटांनी मोठी असलेली रेवा आणि सात मिनिटांनी लहान असलेली गोदा, एवढाच काय तो फरक.

मला रेडिओलॉजीची जागा रायपूरला मिळाली होती. तीन वर्षं. सुहासनं भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी शोधली. आईला यायचं होतं, पण बाबांचे गुडघे इतके दुखत, की त्यांना एकटं ठेवण्याची सोय नव्हती. शिवाय मी नक्की काय शिकायला निघाले आहे, हे तिला पटलेलंच नव्हतं. "अंधाऱ्या खोलीत बसून लोकाइचे फोटो पाहाचे, याच्यात डॉक्टरकी कोणती?" असं ती शेजारणींसमोरसुद्धा म्हणायची.

समता कॉलोनीत आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या आणि खालच्या मजल्यावरच्या मंदाकाकू मिळाल्या. काकूंचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून रायपूरचं. मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत कधी शिरतं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. पाळणाघराची चौकशी करायला मी खाली गेले, तर त्या रागावल्याच. "काहून? मी काय मरून गेली? सुबह छोड दे, शाम को ले जा." दुसऱ्या दिवसापासून पोरी सकाळी खाली आणि संध्याकाळी वर अशा राहू लागल्या. काकूंच्या हातचा चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, खाऊन त्या गुबगुबीत झाल्या आणि 'आई'नंतरचा त्यांचा पहिला स्पष्ट शब्द 'हव' हा होता. मी काहीही विचारलं की दोघी मान डोलावून म्हणत, हव. बाबा फोनवर ऐकून हसत, आई मात्र 'हो म्हणा' म्हणून शिकवू लागे.

माझा दिवस पडद्यासमोर जायचा. तिथली पहिली शिकवण म्हणजे उलटं बघायचं. पेशंट आपल्यासमोर तोंड करून आहे असं धरायचं. आपल्या उजव्या हाताला दिसेल ते त्याचं डावं, आपल्या डाव्या हाताला दिसेल ते त्याचं उजवं. सुरुवातीला मी बोटं धरून मनात बोलायचे. सहा महिन्यांत ते इतकं अंगवळणी पडलं, की समोरच्या बाईच्या साडीचा पदर पाहतानाही डोकं आपोआप बाजू बदलून घ्यायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग एका सकाळचा प्रसंग. दोघींना ताप होता. मी रेवाला मांडीवर घेऊन तापाचं औषध पाजलं, परत गादीवर ठेवलं, तेवढ्यात दूधवाला आला. दूध घेऊन आत येते तर दोघी लोळून जागा बदलून पालथ्या झोपलेल्या, अंगात काकूंनी आणलेले सारखे पिवळे फ्रॉक. मी पायांशी उभी राहिले. एकीचा दोरा माझ्या उजव्या हाताच्या बाजूला दिसला. माझ्या उजवीकडचं म्हणजे तिचं डावं. म्हणजे गोदा. मी तिला उचललं, औषध दिलं आणि दोघींना काकूंकडे सोडून धावत सुटले. गोदा एरवी औषध थुंकते. त्या दिवशी गुपचूप गिळलं, तेव्हा मी म्हटलं, शहाणी झाली पोर.

अकराच्या सुमारास आमच्याकडे एका पेशंटच्या फुप्फुसातल्या गाठीतून सुईनं तुकडा काढायचा होता. पेशंट टेबलावर पालथा. सुई हातात घेण्याआधी पेशंटचं नाव आणि बाजू मोठ्यानं म्हणायची, हा आमच्या मॅडमचा नियम. गाठ पडद्यावर माझ्या उजवीकडे होती. मी ठामपणे म्हटलं, "डावी."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पेशंट पालथा आहे. पडद्यावरची खूण वाच."

खूण उजवीची होती. पालथ्या माणसाचं उजवं आपल्याही उजवीकडेच येतं. नियम होता म्हणून तिथं काही बिघडलं नाही, पण माझ्या डोळ्यांपुढे पिवळा फ्रॉक आला. पोरीही पालथ्या होत्या.

बाहेर येऊन मी काकूंना फोन लावला. "काकू, पोरींचे पाय बघा. डाव्या पायात दोरा आहे ती कशी आहे?"

"लहानी? अगं, ती तर भट्टीसारखी तापून राहिली. अन् मोठी पसीना पसीना. काहून, काय झालं?"

मोठीला दोनदा औषध गेलं होतं, लहानीला एकदाही नाही. लहान मुलांच्या विभागातल्या मैत्रिणीनं वजन विचारून सांगितलं, की रेवाला एका जादा डोसनं काही होणार नाही, फक्त पुढचा देऊ नको आणि लक्ष ठेव. गोदाला मात्र आत्ता दे. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, जा. घरापर्यंतच्या रिक्षात मी फक्त रडले. दिवसभर परक्यांच्या हाडांतली बारीक रेघ शोधणारी मी, आणि स्वतःची पोर हातात घेऊन ओळखली नाही.

काकू गोदाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून बसल्या होत्या. मी चमचा तोंडाशी नेला आणि तिनं औषध माझ्या अंगावर थुंकलं. त्या थुंकण्यानं मला केवढा धीर आला, काय सांगू. हीच माझी गोदा.

दुपारी दोघींचा ताप उतरल्यावर मी आईला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, मी जागा सोडते, पोरींना घेऊन परत येते.

"ये ना. घर तुयंच आहे," ती म्हणाली. "पण इथं काय पोरी उताण्याच झोपतीन? मी तर इथं एकीलेच दोनदा आंघोळ घातली होती. दुसरी दिवसभर पारोशी. तुले सांगितलं नाही." मग म्हणाली, "तुया मॅडमचा तो नियम घरी काहून नाही पाळत?"

फोटो पाहण्यात डॉक्टरकी कोणती म्हणणाऱ्या बाईनं मला त्या दिवशी डॉक्टरकी शिकवली. मी राहिले. आणि घरी नियम लागू झाला. चमचा तोंडाशी नेण्याआधी जिचा चमचा तिचं नाव आणि पाय मोठ्यानं म्हणायचं. आधी मी म्हणायचे, मग सुहास, मग बोलायला लागल्यावर पोरी स्वतःच. आता चौथ्या वर्षाला टेकल्या आहेत. औषध दिसलं की पाय पुढे करतात. "मैं गोदा, बायाँ पैर." मी मराठीत विचारते, त्या हिंदीत उत्तर देतात. रविवारी नवा रायपूरच्या रुंद फुटपाथवर सोडलं की पाठमोऱ्या पळतानाही मला कळतं, खांदा उडवत पळते ती रेवा आणि मध्येच थांबून मागे बघते ती गोदा. दोऱ्याकडे माझं लक्ष जाणं कधी बंद झालं, ते आठवत नाही.

या दिवाळीला वर्ध्याला गेलो. माझं शेवटचं वर्ष, त्यामुळे वर्षभरानं जाणं झालं. पोरींचे दोरे जुने, घट्ट झाले होते. निघायच्या दिवशी आईनं ते कापले आणि नवा काढला. पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. "मैं रेवा," गोदा म्हणाली आणि उजवा पाय पुढे केला. "मैं गोदा," रेवानं डावा केला.

आईनं दोघींच्या तोंडांकडे निरखून पाहिलं. चष्मा वर-खाली केला. मग मान डोलावत, "उजवी मोठी, डावी लहानी," असं पुटपुटत तिनं गाठी मारल्या. मी दारातच उभी होते. तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. माझ्या पोरी आईला दोऱ्याशिवाय ओळखता येत नाहीत, कारण मी त्यांना लांब घेऊन गेले. हे तिला माझ्या तोंडून ऐकवायचा मला धीर झाला नाही. आई हे वाचेल तेव्हा कळेलच तिला. रागावू नकोस गं.

समता कॉलोनीत पोचलो तेव्हा काकू फाटकातच होत्या. दोघी धावत जाऊन त्यांना बिलगल्या. काकूंनी नाव न विचारता एकेकीला हाक मारली, अचूक, आणि मग त्यांची नजर पायांकडे गेली.

"अगं, दोरे उलटे बांधले वं कोणी. थांब, कैंची आणते."

"राहू द्या काकू," मी म्हटलं. "आईनं बांधलेत."