विमानतळावर धरलेली जागा

आधीच सांगून टाकते... मी अठ्ठावीस वर्षं मध्य प्रदेशात, बालाघाटच्या शाळेत विज्ञान शिकवलं. मोहल्ल्यात कोणाच्या अंगात आलं की लोक मलाच बोलवायचे, कारण मी उंबऱ्यात उभी राहिले की अंगातलं पटकन उतरायचं! आमच्या घरी नवस नाही, उतारा नाही, लिंबू फक्त लोणच्यात. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येऊन राह्यलं आहे. पण लेक म्हणाली, "आई, तू साऱ्या गावाले सांगत फिरतेस, त्यापेक्षा एकदा लिहूनच टाक ना!" म्हणून लिहिते.

आधी गमछ्याबद्दल सांगावं लागेल.

माझे यजमान किरनापूरला मास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीसुद्धा. माझं माहेर तुमसर. तिकडे जायला आम्ही कटंगीहून बस धरायचो आणि गुरुजींना हमखास बाजाराचाच दिवस सापडायचा. बस लागली रे लागली की गुरुजी ड्रायव्हरच्या दारातून आत, आणि खांद्यावरचा लाल चौकड्यांचा गमछा सीटवर. एकदा कोण्या बहाद्दरानं तो खिडकीतून बाहेर भिरकावला, तेव्हापासून ते गमछा सीटच्या दांड्याला बांधूनच टाकायचे. दोन गाठी, आणि टोक आत खोचलेलं. गुरुजी डावखुरे, त्यामुळे गाठ उलटी बसायची. मला ती कधीच धड सुटली नाही. मग वरूनच ओरडायचे, "मॅडम, जागा धरली! या आरामात!"

मला बसवून स्वतः मात्र चहाला गायब. बस भरत जायची, जो तो विचारायचा, "यहाँ कोई बैठा है क्या?" मी म्हणायची, "हौ, येऊन राह्यले ते." गाडी सुरू झाली की गुरुजी पळत यायचे. दर वेळी आमचं भांडण!

गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली. गमछा माझ्याकडे आहे. त्याचा एक कोपरा माझ्याच हातून इस्त्रीनं जळला होता, तिथं मी हिरव्या दोऱ्यानं रफू केलं आहे. हा हिरवा दोरा लक्षात ठेवा.

तर मागच्या वर्षी प्राचीचं, माझ्या एकुलत्या एक लेकीचं, पहिलं बाळंतपण होतं... तेही कॅनडात. जावयाला आई नाही. व्हिसा उशिरा आला, आणि तिकडे डॉक्टर म्हणाले की दोन-तीन दिवसांत केव्हाही होईल. प्राची फोनवर रडली. "आई, तू आली नाहीस तर मी आत जाणारच नाही!" आता बाळ काही विचारून येतं काय? पण मी मिळालं ते पहिलं तिकीट काढलं. नागपूरहून आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरायचं आणि तिथून टोरांटोचं विमान धरायचं. ते चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. म्हणजे पोरीच्या वेळेला मी कुठल्या तरी खुर्चीवर बसलेली!

विमानतळ कसला, आमचा अर्धा जिल्हा त्यात मावला असता. सकाळी विचारत विचारत गेट शोधलं, सगळ्यांत आधी पोचले. अजून दीड तास होता. पासपोर्ट गळ्यातल्या पर्समध्ये, डिंकाच्या लाडवांची पिशवी खांद्याला. बाथरूमला जायचं होतं. आता हसू नका... मी कोपऱ्यातल्या चांगल्या खुर्चीवर गमछा अंथरला आणि गेले. बालाघाटचं माणूस जागा धरल्याशिवाय हलत नाही! नुसता अंथरला होता, बांधला नव्हता. मला गाठ येतच नाही.

बाथरूमला ही मोठी रांग, अर्धा-पाऊण तास तिथंच गेला. परत आले तर खुर्ची रिकामी. गमछा नाही!

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! खुर्च्यांखाली पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात डोकावलं. समोर एक शीख आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, "भाईसाहब, यहाँ हमारा गमछा था." ते म्हणाले, "बहनजी, मैं तो अभी आया." वरच्या पाटीवर काय लिहिलंय हे पाहायची अक्कल मला झाली नाही. लेकीचं बाळंतपण, विमान, सगळं एका बाजूला आणि गमछा एका बाजूला. गुरुजींची वस्तू कोण घेऊन गेलं, एवढंच.

निघाले तरातरा. सरकत्या पट्ट्यावरून गेले, अत्तरांची दुकानं ओलांडली, एक जिना उतरले. कुठं जाऊन राह्यली होती देव जाणे! पिशवीतले लाडू पाठीवर आपटत होते. परत फिरावं असं मनात आलं, तेवढ्यात लांब, अगदी टोकाला, एका खुर्चीवर लाल चौकडी दिसली.

"सापडला चोर!" म्हणून मी पळालेच. खुर्चीत कोणी नव्हतं. आजूबाजूलाही कोणी नव्हतं, सगळे दाराशी रांगेत होते, आणि रांगही संपत आलेली. गमछा खुर्चीच्या हाताला बांधलेला होता. दोन गाठी. टोक आत खोचलेलं. खाली कोपऱ्यात हिरवा दोरा.

आणि वर स्पीकरवर कोणी तरी माझ्या नावाचे हाल करत होतं.

मान वर केली... पाटीवर टोरांटो! माझ्या विमानाचं गेट बदललं होतं. मी तिकडे कोपऱ्यातल्या खुर्चीवर शहाण्यासारखी बसून राहिले असते, तर विमान गेलंच असतं.

दारातली मुलगी हात हलवून बोलावत होती, आणि मला गाठ सुटेना! उलटी ना ती. शेवटी गुडघ्यावर बसून दातांनी सोडवली. रडू येत होतं आणि हसूही. तोंडातून निघून गेलं, "अहो, इतकी आवळून कोणी बांधते काय?" ती मुलगी मला येडीच समजली असेल.

मी पोचल्यावर सहा तासांत प्राचीला मुलगी झाली. मी तिचा हात धरून उभी होते. आजवर इतकी खुश मी कधीच झाले नाही, आणि त्याच आनंदात गुरुजींची आठवण येऊन भडाभडा रडले.

आता तुम्ही म्हणाल, कोणी प्रवाशानं चुकून नेला असेल. मीही तेच म्हटलं. पण चुकून नेलेला गमछा कोणी बांधून ठेवते काय, आणि तोही माझ्याच विमानाच्या गेटवर? जावई इंजिनियर आहेत, ते म्हणाले, "योगायोग, मम्मी." मी म्हटलं, बरं, पण डावखुऱ्या गाठीचं काय? ते बाळाचं लंगोट बदलायला उठून गेले. विज्ञानाच्या मास्तरणीला उत्तर येत नसेल तर तिनं सरळ तसं सांगावं... मला येत नाही.

तीन महिन्यांनी परत येताना तोच विमानतळ. या वेळी आधी पाटी वाचली, मग बसले, आणि शेजारच्या खुर्चीवर गमछा अंथरला. अर्धा तास त्याच्याकडे पाहत होते. काही झालं नाही. गेट बदललंच नव्हतं, काय होणार? गर्दी वाढली. एक बाई लेकराला कडेवर घेऊन आल्या, गमछ्याच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यहाँ कोई बैठा है क्या?"

मी उठले, त्यांना माझी खुर्ची दिली आणि गमछ्यावर हात ठेवून तिथंच उभी राहिले.

"हौ," मी म्हटलं, "येऊन राह्यले ते."